शेवटी वेग आमचा जास्त, मग शर्यत दुसऱ्याची कशी? (डिझेल ड्रॅगचा शनिवार-रविवार)

काळीमाती (दारव्हा)

राम राम मंडळी. धागा लांबेल, पण प्रश्न एकच आहे आणि तो शेवटी आहे.

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं डिझेल ड्रॅगला (सरळ पट्ट्यावर दोन-दोन डिझेल गाड्यांची शर्यत) जाऊन आलो. मी, धाकटा भाऊ, मामेभाऊ आणि चौकातले गॅरेजवाले काका. गाडी घरचीच, जुनी डिझेल स्विफ्ट. आठवडाभर तीच बाजाराला जाते, तीच कृषी केंद्रातून खताची पोती आणते. स्पर्धा तेलंगणाकडे, वापरात नसलेल्या एका विमानाच्या धावपट्टीवर. सगळं रीतसर होतं. परवानगी, रुग्णवाहिका, अग्निशमनवाले, आणि हेल्मेट नसेल तर गाडी रांगेतही लावू देत नव्हते.

शनिवारी आधी गाडीची तपासणी. त्या माणसाने डिकी उघडून "सुटं सामान काढा" म्हटलं आणि आम्ही काढत बसलो. फवारणी पंपाची नळी, दोन पाने, सरकीचं अर्धं पोतं, आईची हरवलेली चप्पल. मागचं सीटही उतरवलं, तेवढंच वजन कमी. ते कडुलिंबाखाली ठेवलं आणि दोन दिवस आमची बैठक तीच. शेजारच्या तंबूतली मोठ्या शहरातली पोरंसुद्धा भाकरी-ठेच्यासाठी त्या सीटवर येऊन बसायची.

गाडीचं रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली डिझेलची मांडणी बदलणं) करून घेतलंय. शनिवारच्या सरावात असा काळा धूर सोडला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्लचचा थोडा वास येत होता, पण पळाली बरी. रविवारी दीड लिटरपर्यंतच्या डिझेल गटात दुसऱ्या फेरीत जोडी लागली एका साध्यासुध्या हॅचबॅकशी. तिला ना धूर ना आवाज. आम्ही म्हटलं, झालं आपलं काम. ती जिंकली.

हातात मिळालेली चिठ्ठी (त्यावर ठेच्याचं तेल सांडलंय, पण आकडे वाचता येतात):

आमची: प्रतिसाद ०.७४, पहिले ६० फूट २.९ सेकंद, ४०२ मीटर १७.६ सेकंद, शेवटचा वेग १२९
त्यांची: प्रतिसाद ०.३१, पहिले ६० फूट २.५ सेकंद, ४०२ मीटर १७.३ सेकंद, शेवटचा वेग १२४

शेवटच्या रेषेवर आमची गाडी पाच किलोमीटरने जास्त वेगात होती. मग हरलो कसे? आणि कापसाचे पैसे आले की मोठा टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) टाकावा म्हणतोय, तर कोणता टाकू?

संत्रामोसंबी

पहिले सीटवर बसलेल्या सगळ्याइचा फोटो टाका राजेहो. टर्बोचं मंग पाहू.

फुल्लबूस्ट

मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर (डिझेल फवारणारे नोझल), विषय संपला. १२९ चा वेग आहे म्हणजे इंजिनात दम आहे, अजून दम भरा. पुढच्या वेळी १४० ने रेषा ओलांडाल.

पंपनोझल (अकोला)

फुल्लबूस्ट भाऊ, १४० ने रेषा ओलांडतील आणि पुन्हा हरतील. माझं आयुष्य पंप आणि नोझल कॅलिब्रेट करण्यात गेलं, म्हणून सांगतो.

चिठ्ठी नीट वाचा. ड्रॅगमध्ये घड्याळ दिवा हिरवा झाल्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. दिव्यापासून चाक हलेपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिसाद, तो वेगळा मोजतात. जिंकतो मात्र जो आधी रेषेवर पोचतो तो, म्हणजे दोन्हीची बेरीज. तुमची बेरीज १८.३४, त्यांची १७.६१. पाऊण सेकंदाने गेली.

त्यातले ०.४३ सेकंद ड्रायव्हर दिव्याकडे बघत राहिला तिथे गेले. उरलेले ०.३ गाडीचे. आता गंमत बघा. पहिल्या ६० फुटांतच तुम्ही ०.४ ने मागे होता. साठ फुटांनंतरचा हिशेब केला तर तुम्हाला १४.७ लागले आणि त्यांना १४.८. म्हणजे गाडी एकदा हलली की तुमचीच भारी. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो, आणि ती तुमच्याकडे आहे. ती रस्त्यावर उतरत नाहीये, तीही अठरा मीटरच्या तुकड्यात.

मोठा टर्बो टाकला तर हाच तुकडा आणखी बिघडेल. या १२४८ सीसी इंजिनाला मुळात ७५ पीएस ताकद आणि १९० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), आणि हा टॉर्क मिळतो २००० आरपीएमला. त्याखाली ते झोपलेलं असतं हे स्विफ्ट चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टर्बो जितका मोठा, तितकं त्याचं पातं फिरायला जास्त धूर, म्हणजे जास्त गरम वायू लागतो. आणि उभ्या गाडीत नुसती रेस दिली तर आरपीएम चढतो, पण इंजिनावर ओझं नाही म्हणून डिझेल कमी जळतं आणि टर्बो काही भरत नाही.

टाळ्या मिळवणाऱ्या काळ्या धुराबद्दलही एक. तो न जळालेल्या डिझेलचा काळा कोळसा आहे. हवा कमी, डिझेल जास्त. रीमॅप करणाऱ्याने डिझेल वाढवताना हवेचा विचार केला नाही. त्याने ताकद वाढल्यासारखी वाटते, वाढते फक्त सायलेन्सरकडच्या वायूची उष्णता. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि तुमचा पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे.

शकुंतलाप्रेमी

डिझेल आणि शर्यत म्हटलं की मला आमची शकुंतला रेल्वे आठवते. यवतमाळ-मूर्तिजापूर. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन काढून १९९४ मध्ये तिला डिझेल लावलं, गावोगावी लोक बघायला आले. वेगात फरक? लोक तेव्हाही मधे उतरून बोरं तोडून परत चढायचे.

फुल्लबूस्ट

पंपनोझल काका, मग अमेरिकेत काय वेडे आहेत का? तिथे डिझेल पिकअपला एकावर एक दोन टर्बो लावतात आणि धुराने आभाळ काळं करतात.

कोळसावाला (वणी)

या विषयावर मी बोललो नाही तर पाप लागेल. उघड्या खाणीत बीईएमएलचे डंपर दुरुस्त करता करता निवृत्त झालो. त्यातली कमिन्सची इंजिनं झोपेतसुद्धा उघडून जोडीन. आणि कमिन्स काही परकी नाही, १९६२ पासून पुण्यात किर्लोस्करांबरोबर सुरू झालेली.

अमेरिकेत या खेळाला जोर आला तो १९८९ नंतर. त्या वर्षी डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. ते इंजिन मुळात पिकअपसाठी केलेलंच नव्हतं. ते शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांच्या घराण्यातलं, म्हणून त्याचं लोखंड जाडजूड. शेतकऱ्यांनी ती पिकअप घेतली, आठवडाभर तिच्यामागे जनावरांची ट्रॉली ओढली आणि शनिवारी तीच पट्ट्यावर नेली. काळीमातीच्या खतवाल्या स्विफ्टसारखंच की.

आता दोन टर्बोंचं. ते हौसेने नाही लावत. छोटा टर्बो लवकर जागा होतो, मोठा उशिरा. मोठ्याने दाबलेली हवा छोट्यात जाऊन आणखी दाबली जाते. म्हणजे सुरुवातही मिळते आणि शेवटही. शिवाय त्यांच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, ब्रेक दाबून धरून ॲक्सिलरेटर देता येतो. इंजिनावर ओझं येतं, टर्बो उभ्या गाडीतच भरतो. क्लचच्या गाडीत ही सोय नाही. हेडचे (इंजिनाच्या वरच्या झाकणाचे) बोल्ट बदलावे लागतात, नाहीतर दाबाने हेडच उचलतं. मिथेनॉल-पाण्याचा फवारा मारून आतली हवा गार करतात. एवढं सगळं तीन टनांच्या गाडीत. तुमच्या स्विफ्टच्या बॉनेटखाली मला हात घालायला जागा नाही.

वकीलकाका

सगळे तांत्रिक बोलतायत, म्हणून मी माझं काम करतो. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय वेगाची शर्यत म्हणजे मोटार वाहन कायदा, कलम १८९. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे लिहितोय कारण परवाच एका पोराने मला विचारलं, "काका, समृद्धीवर रात्री ट्राय करू का?" समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे आणि तिथे किती घरं उजाड झाली ते पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको.

काळीमाती, तुम्ही परवानगीच्या जागी गेलात, हे उत्तम केलंत. गाडीत केलेले बदल मात्र आरसी बुकात नसतील तर घरी येताना रस्त्यावर प्रश्न येऊ शकतो. सीट परत बसवलं होतं ना?

काळीमाती (दारव्हा)

बसवलं वकीलसाहेब. नसतं बसवलं तर मी आणि मामेभाऊ यायचो कशावर?

पंपनोझल काका, तुमचा हिशेब भावाला वाचून दाखवला. तो तासभर बोलला नाही. मग म्हणाला, दिवा हिरवा झाला की लगेच सोडली होती.

पंपनोझल (अकोला)

तिथेच चुकतंय. हिरवा बघून सोडली की उशीर झालाच. पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाने एकेक खाली उतरतात. शेवटचा पिवळा पेटताना पाय सुटायला लागला पाहिजे. डोळ्याने पाहिलं, डोक्याने ठरवलं, पाय उचलला, क्लच धरला, चाक हललं, या सगळ्याला वेळ लागतो. पण फार आधी सोडलं तर लाल दिवा, आणि लाल म्हणजे थेट घरी.

पटशौकीन

हे सारं वाचून मले एकच वाटून राह्यलं. बाप्पा, हा त शंकरपटच होय, आमची बैलजोडीची शर्यत! सरळ पट्टा, सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब, अन् सुटायच्या टायमाले गडबड झाली की खेळ खलास.

आमच्या तळेगाव दशासरच्या पटात या, मंग समजन. जोडी लाखाची असो की दोन लाखाची, धुरकरी (जोडी हाकणारा) कच्चा असन त बैल काय करतीन? सुटाच्या आधी चांगला धुरकरी बैलाले डोये वटारत नाही, आरडत नाही. हात फिरवते. बैल गरम झाला की आधीच दम काढते. तुमच्या त्या पोट्ट्यानं रेस देऊ देऊ इंजिन तापवलं असन पायजा.

२०१४ ले कोर्टानं बंदी आणली तवा गावागावात कितीक लोकाइनं जोड्या इकल्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, अन् २०२३ च्या मे महिन्यात पाच न्यायाधीशाइनं शिक्का मारला. मधल्या सात वर्षात जुने धुरकरी म्हातारे झाले अन् नव्या पोट्ट्याइले शिकवाले कोणी राह्यलं नाही. बैल इकत भेटते, हात इकत भेटत नाही.

फुल्लबूस्ट

बैलाला रीमॅप करता येतं का हो?

पटशौकीन

येते न. सरकी-ढेप अन् उडदाची दाय.

नुसताशेतकरी

मला कुणाचा रस मोडायचा नाही, पण इथे फवारणीला पैसे नाहीत, तुरीवर अळी आली आहे, आणि आपली पोरं अठरा सेकंदांसाठी डिझेल जाळून तेलंगणात जातात. कापसाचे पैसे टर्बोत घालणार म्हणता. घरात कुणी विचारलं की नाही?

काळीमाती (दारव्हा)

दादा, विचारलं. आई म्हणाली, दारूत घालण्यापेक्षा टर्बोत घाला. बाबा काहीच बोलले नाहीत, पण शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, "किती सेकंद?" एवढंच.

खर्चाचं खरं सांगायचं तर डिझेल येण्याजाण्यालाच जास्त गेलं, पट्ट्यावर काहीच नाही. आणि तुमचं म्हणणं मनाला लागलं हेही खरं.

कोळसावाला (वणी)

नुसताशेतकरी, तुमचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या एका प्रकाराबद्दल सांगतो, जो आपल्याला परवडेल. त्याला इंडेक्स म्हणतात. अर्ध्या लांबीच्या पट्ट्यावर, म्हणजे साधारण २०१ मीटरवर, डिझेलवाल्यांचा एक गट ७.७० सेकंदांचा असतो. त्या वेळेच्या जितकं जवळ जाल तितकं बरं. पण ७.६९ लागले तर तुम्ही बाद, आणि समोरचा ७.९० ला येऊनही जिंकतो. त्यामुळे पैसे ओतून ताकद वाढवत बसण्यात अर्थ उरत नाही. गाडी प्रत्येक वेळी सारखी पळायला हवी, बस.

संत्रामोसंबी

म्हणजे जास्त चांगलं पळणारा बाद? ही त कर्जमाफी झाली. ज्यानं येळेवर फेडलं त्याले ठेंगा.

नुसताशेतकरी

😂 हे मात्र पटलं.

ठेचाबाई (पुसद)

मी इथे फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. चौघे गेले, चौघे पुरुष, चालवणारा धाकटा भाऊ. कशावरून तोच? कुणी तपासलं का की घरात सगळ्यात चपळ पाय कुणाचा आहे? तळेगावच्या पटात बायका धुरकरी म्हणून उतरतात, त्यांना बघायला लोक झाडावर चढतात. दारव्ह्याच्या स्विफ्टला एखादी बाई चालणार नाही का? आणि वजनाचंही बघा. मागचं सीट काढलंत आणि पुढच्या सीटवर भाऊ बसवलात. भावाचं वजन किती?

काळीमाती (दारव्हा)

८८.

ठेचाबाई (पुसद)

मग मागचं सीट कशाला काढलं?

संत्रामोसंबी

ताईनं स्पर्धाच जिंकली इथं.

पंपनोझल (अकोला)

ठेचाबाई, मुद्दा एकदम बरोबर. बाराशे किलोच्या गाडीत पंचवीस-तीस किलो म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. आणि प्रतिसाद घरबसल्या मोजता येतो, त्यासाठी फोनवर ॲप आहेत.

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात जाल तर १५ अंशाच्या मानाने ४५ अंशाला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. तेवढा प्राणवायू कमी, तेवढाच धूर जास्त. शक्य असेल तर पहाटेची पहिली फेरी घ्या.

यंत्रमानव (नागपूर)

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे हे कुणीच बोललं नाही. गाडी जोरात सुटली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. त्यातून मागचं सीट काढलं की मागची बाजू हलकी, ते एका अर्थी बरंच. पण टायर कोणते आहेत? आणि सुटताना चाकं फिरली की क्लच घसरला? दोन्हीत ६० फुटांचा वेळ वाईट येतो, पण औषध वेगळं आहे.

काळीमाती (दारव्हा)

टायर पंचवीस हजार किलोमीटर झालेले, कडक झालेत. व्हिडिओ परत पाहिला. पहिल्या फेरीत चाकं थोडी फिरलीत. जी फेरी हरलो तिच्यात चाकं अजिबात फिरली नाहीत. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि गाडी मात्र हळूच निघाली. मग वास.

पंपनोझल (अकोला)

मग क्लच. शंभर टक्के. रीमॅपने टॉर्क वाढला, प्लेट मूळचीच राहिली. शनिवारी सरावात तिला भाजलं आणि रविवारी ती घसरली. टर्बोचं नावही काढू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला, कारण मजुरी एकदाच पडते. चांगले टायर पुढे टाका, सुटायच्या आधी पुढच्या टायरांतली हवा थोडी कमी करा, परतीला पुन्हा भरा. आणि रीमॅपवाल्याला सांगा, धूर कमी कर.

फुल्लबूस्ट

आणि त्यानंतर मोठा टर्बो?

पंपनोझल (अकोला)

आणि त्यानंतर तुझा नंबर मला दे, तुझ्या घरच्यांशी बोलतो.

काळीमाती (दारव्हा)

दोन आठवड्यांनी परत लिहितोय. ठेचाबाईंच्या सांगण्यावरून सगळ्यांनी फोनवर दिव्याचा सराव केला. आत्येबहीण पहिली आली. पॉलिटेक्निकला आहे, रोज स्कूटीने यवतमाळला जाते. भाऊ तिसरा. दुसरे आले बाबा. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, न बोलता खेळले आणि परत ओसरीवर जाऊन बसले. पटशौकीन दादा, ते तरुणपणी पटात जोडी पळवायचे हे मला काल आजीकडून कळलं.

बहिणीचं वजन ५१. लायसन्स आहे, हेल्मेट तिच्या मापाचं घ्यावं लागेल. भाऊ रुसला होता, आता तिला पिवळे दिवे मोजायला शिकवतोय. स्वतः मात्र अजून हिरव्यालाच सोडतो.

टर्बो रद्द. आता एवढंच सांगा, क्लचचा पूर्ण सेट यवतमाळला घेऊ की अकोल्याला स्वस्त पडेल?

पंपनोझल (अकोला)

अकोल्याला या. डबा उघडून माझ्यासमोर प्लेट बघा, जुनी घासून नवी म्हणून विकणारे आहेत. आणि येताना ठेचा आणा.

ठेचाबाई (पुसद)

आत्येबहिणीला माझा नंबर देऊ नका, पण तारीख मात्र इथे टाका. आम्ही चार-पाच जणी येतोय. सीट तिथेच ठेवा, कडुलिंबाखाली.

वकीलकाका

आणि आरसी बुक.